मागच्या बाकावर पूर्ण तास बसा : शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना खुलं पत्र

माननीय साहेब आणि मॅडम,

सादर नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, २१ वर्षं झाली. हे पत्र कुणा एका अधिकाऱ्याला नाही, गोव्यात जे कोणी आमच्या शाळांना व्हिजिट द्यायला, इन्स्पेक्शनला येतात त्या सगळ्यांना आहे. बरेच दिवस लिहायचं होतं पण कधी पावसात वीज जाते, कधी घरचं काही निघतं आणि राहून जातं. आज बसले.

आधी दोन दिवसांची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पहिला दिवस. तिसरीचा गणिताचा तास, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर ५२ वजा ३८ लिहिलं आणि म्हटलं, पाटीवर सोडवा, कुणाचं बघू नका, झालं की सगळ्यांनी एकदम पाटी वर करा. पाट्या वर झाल्या आणि तीन उत्तरं आली, २६, २४ आणि १४. कुठलं बरोबर ते मी सांगितलं नाही, तिन्ही फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, हीर काढा. आमच्याकडे माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीच्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या करून ठेवल्यात, रबर लावून, मुलांनीच केल्यात. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. २६ वाला सांगत होता, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, चुकलं कुठे? त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की वरच्यातून खालचं काढायचं असतं, त्याने आपला मोठ्यातून लहान काढला, दोन्ही घरांत, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं ना. २४ वाल्याने एक जुडी सोडून बारा सुटे केले, आठ काढले, चार उरले, इथपर्यंत पक्कं, पण सोडलेली जुडी दशकाच्या घरात तशीच मोजली. त्याला शेजारची मुलगी जमिनीवर बसून हीर दाखवत ओरडत होती, "एक जुडी तुवें सोडली मरे, मागीर पांच कश्यो उरल्यो?" त्याने हिरांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, परत हिरांकडे बघितलं आणि स्वतःच बोटाने पाटीवरचा पाच पुसून चार केला.

त्याच वेळेला अधिकारी दारात उभे. चार मुलं एकदम बोलतायत, दोघं जमिनीवर, हीर सगळीकडे पसरलेत. ते पाच मिनिटं दारातच थांबले, मग ऑफिसात जाऊन पाऊण तास रजिस्टरं बघितली आणि शेरा लिहून गेले : वर्गात गोंगाट, शिक्षकाचे नियंत्रण वाढवणे आवश्यक.

दुसरा दिवस, दुसरं वर्ष, दुसरे अधिकारी. येणार असल्याचा फोन आदल्या दिवशीच आला होता म्हणून मी संध्याकाळी थांबून फळ्यावर रंगीत खडूने जलचक्र काढलं, ढग, डोंगर, नदी, समुद्र, बाण, सगळं. दुसऱ्या दिवशी मी बोलले, मुलं हाताची घडी घालून ऐकत बसली. शेवटी मी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" आणि वर्ग एका सुरात "होऽऽ टीचर!" शेरा काय मिळाला माहितीय? अध्यापन प्रभावी, शिस्त उत्तम, शैक्षणिक साहित्याचा वापर चांगला.

दोन दिवसांनी मी थंड पाण्याने भरलेला स्टीलचा पेला टेबलावर ठेवला आणि विचारलं, बाहेरून हे थेंब कुठून आले? जवळजवळ सगळ्या वर्गाने सांगितलं की आतलं पाणी झिरपून बाहेर आलं. हवेत वाफ असते, थंड पेल्याला लागून तिचं पाणी होतं, ढगातही तेच होतं, हे मी त्या रंगीत फळ्यासमोर तीनदा बोलले होते. जवळजवळ कुणाच्याच डोक्यात ते शिरलं नव्हतं. त्या तासाला मला "प्रभावी" मिळालं आणि ज्या तासाला २४ वाल्याने स्वतःचा पाच पुसला त्या तासाला "नियंत्रण नाही".

मला कुणावर राग काढायचा नाहीये. दोन्ही अधिकारी भली माणसं होती, त्यांना दिवसाला चार शाळा करायच्या होत्या आणि फॉर्मवर जे रकाने असतात ते भरायचे होते. पण मला मनापासून वाटतं की चांगलं शिकवणं कुठे बघायचं याची जागाच चुकतेय. तुम्ही टीचरकडे बघता, फळ्याकडे बघता, भिंतीवरच्या चार्टकडे बघता. शिकणं चालू असतं ते मुलाच्या पाटीवर आणि तोंडात, आणि ते दारात उभं राहून दिसत नाही.

"समजलं का?" हा प्रश्न तर मी आता विचारतच नाही. पंधरा-एक वर्षं रोज विचारला मी, आणि त्या होऽऽ वर विश्वास ठेवून पुढचा धडा घेतला. वर्गात तीन मुलं मोठ्याने हो म्हणतात, बाकीची त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात, ज्याला कळलं नाही तो तर सगळ्यात आधी मिसळतो कारण त्याला एकटं पडायचं नसतं. त्यापेक्षा पाटी बरी. प्रत्येकाचं उत्तर प्रत्येकाच्या हातात, एका नजरेत मला कळतं की किती जणांचं कुठे अडलंय आणि पुढे जायचं की थांबायचं. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या पॉल ब्लॅक आणि डायलन विल्यम या दोघांनी वर्गातल्या अशा रोजच्या तपासणीवर झालेला ढीगभर अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की शिकवता शिकवताच मुलाचं कुठे अडलंय ते बघून शिकवणं बदललं की शिकणं चांगलंच वाढतं, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा जास्त फायदा होतो. आपल्याकडे पाटी-पेन्सिल तर किती पिढ्यांपासून आहे, त्याला काही वेगळी ग्रँट लागत नाही.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं.

मेरी बड रो म्हणून अमेरिकेत एक विज्ञान शिक्षणतज्ज्ञ होत्या, १९७०च्या दशकात त्यांनी खूप वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी फक्त एक सेकंद थांबतात. एक सेकंद! मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला विचारतात, नाहीतर तोच प्रश्न परत म्हणतात. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली तर मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प बसणारी मुलं कमी झाली, ज्यांना "ढ" समजलं जायचं ती मुलं बोलायला लागली आणि त्या मुलांकडे बघायची शिक्षकांचीच नजर बदलली. मी हे एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हा वाटलं, मी तर थांबते की. मग मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला आणि घरी येऊन ऐकला. मी थांबत नव्हते. एकदाही नाही.

तेव्हापासून मनातल्या मनात मोजते. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण वर्गात उभं राहून थांबून बघा, युगासारखे वाटतात, घशाशी उत्तर येतं आणि ते गिळावं लागतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, आईवडील कर्नाटकातून बांधकामाच्या कामाला आलेले, घरात कन्नड, वाडीवर कोंकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. सहा महिने ती तोंड उघडून काही बोलली नाही आणि मी रजिस्टरात तिच्यापुढे "प्रतिसाद कमी" लिहिलं होतं, माझ्याच हाताने. थांबायला लागल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर का येतं? नेहमीचे हात वर झाले, मी कुणालाच विचारलं नाही, तीन झाले, चार झाले, पाच झाले आणि मागून बारीक आवाज आला, "टीचर, खालची माती भरली." एवढंच. खालची माती भरली. भूजलाची पातळी कशी वाढते हे कुठल्याही पुस्तकात याहून सोपं लिहिलेलं मी बघितलेलं नाही. ती मुलगी प्रश्न ऐकून आधी कन्नडमध्ये विचार करत होती, मग मराठी शब्द शोधत होती, आणि इतके महिने ती शब्दापर्यंत पोचायच्या आत मी पुढच्या प्रश्नावर गेलेली असायचे. साहेब, तुम्ही दारात उभे असताना ते पाच सेकंद ऐकले असते तर तुम्हाला वाटलं असतं की टीचर प्रश्न विचारून गप्प उभी आहे, वर्गाला काही येत नाही.

भाषेचं निघालंच आहे तर सांगते. आमच्या शाळा मराठी माध्यमाच्या, गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, माझी आईही त्यातल्याच एका शाळेत शिकली. पण मूल घरी कोंकणी बोलतं आणि पुस्तकात पाणी असतं तेव्हा त्याच्या तोंडात उदक असतं, पुस्तकात मासा असतो तेव्हा नुस्तें, बेडूक आला की बेबो. पूर्वी मी प्रत्येक वेळी सुधारायचे, "बेबो नाही, बेडूक म्हण". आता मी आधी बेबो घेते. तो कुठे राहतो, काय खातो, कधी ओरडतो हे त्याच्या भाषेत सगळं बाहेर काढून घेते आणि मग फळ्यावर बेडूक लिहिते. मूल काय घेऊन वर्गात येतं ते बघा आणि तिथून शिकवा, असं डेव्हिड ऑसुबेल नावाचे मानसशास्त्रज्ञ १९६८ मध्येच सांगून गेलेत. मी ते माटोळीमुळे शिकले.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात आमच्या वर्गात धडा नसतो, माटोळी असते, म्हणजे गणपतीच्या वर फळं आणि रानातल्या वस्तू बांधून टांगतात ती चौकट. तिसरी-चौथीच्या मुलांनी घरी, शेजारी, आजीला विचारून यायचं की यंदा माटोळीला काय काय बांधणार आणि ते कुठून आणणार. नारळ, सुपारीचा कात्रो, केळी, चिबूड, आंबाडे, तोरिंगां, कवंडळां, नावं येतच राहतात. एका वर्षी चौथीतला एक मुलगा, ज्याला जोडाक्षर वाचताना घाम फुटायचा, त्याने एकट्याने २७ नावं सांगितली, कुठलं फळ रानात कुठल्या बाजूला मिळतं, कुठलं खायचं नाही, सगळं. तो वडलांबरोबर रानात जायचा. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. मग म्हटलं, आता तू लिही, बाकीचे वाचतील. त्याने लिहिलं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी लिहावंसं वाटलं कारण ते त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मग त्याच यादीतून वेल कुठली, झाड कुठलं, बी कुठे असतं, कुठलं विकत आणावं लागतं आणि का, असं परिसर अभ्यासाचं सगळं झालं. परप्रांतातल्या मुलांनी आपल्याकडच्या सणाला काय बांधतात ते सांगितलं, तोही फळा भरला.

विसरण्याबद्दलही थोडं. मूल आज शिकलं म्हणजे उद्या येईलच असं नाही, हे प्रत्येक टीचरला माहीत असतं, तरी सिलॅबसच्या मागे आपण पळत असतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी एक प्रयोग केला, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी बघितलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने बघितलं तर आठवून लिहिणारे पुढे. मी रोज सकाळी प्रार्थनेनंतर चार प्रश्न विचारते, एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, दोन त्याही आधीचे, उत्तर पाटीवर, मार्क नाहीत. दहा मिनिटं जातात. सिलॅबस किती झाला या रकान्यात ती दहा मिनिटं कुठेच दिसत नाहीत. पण खरं सांगते, जूनमध्ये शिकवलेलं फेब्रुवारीत टिकलेलं असतं ते त्या दहा मिनिटांमुळे.

आणि आमच्या शाळांची परिस्थिती. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. कागदावर ठीक आहे, पण पहिली ते चौथी चार वर्ग आणि माणसं दोन, म्हणजे प्रत्येक तासाला एक वर्ग माझ्यासमोर आणि दुसरा माझ्या पाठीमागे. मी तिसरीला शिकवत असताना चौथीची दोन मुलं आपसात बोलतायत म्हणून ती रिकामी आहेत असं नसतं, मी त्यांना एकमेकांची गणितं तपासायला दिलेली असतात. वाचनाच्या तासाला तर मी इयत्ता बाजूलाच ठेवते, ज्याला अक्षरं येत नाहीत ते एकत्र, ज्याला शब्द येतात ते एकत्र, मग तो चौथीतला असो की दुसरीतला. मुंबईतल्या प्रथम संस्थेने हे फार मोठ्या प्रमाणावर केलंय. त्यांच्या बालसखी योजनेत वस्तीतल्याच मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास त्यांच्या पातळीवरचं शिकवायच्या, आणि मुंबई-वडोदऱ्यात ते तपासलं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या टीमने, या दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फायदा झाला असंच निघालं. पण तुम्ही आलात आणि चौथीचा मुलगा दुसरीच्या पुस्तकावर दिसला की पहिला प्रश्न येतो, याचं चौथीचं पुस्तक कुठाय? तो दुसरीचं वाचायला लागला तरच चौथीचं वाचेल ना, साहेब.

वेळेचं बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास सांगितलेत आणि त्यात तयारीचे तास धरलेत, स्पष्ट लिहिलंय. कलम २७ मध्ये म्हटलंय की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. या तीन कामांना माझी कधीच ना नाही, निवडणुकीला मी दरवेळी जाते. पण सकाळी नऊला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो की अमुक दिवसाच्या कार्यक्रमाचे फोटो, कॅप्शनसकट, बारापर्यंत पाठवा, मग मी ५२ वजा ३८ अर्धं सोडून मुलांना ओळीत उभं करून फोटो काढते. तो फोटो कोण बघतं मला माहीत नाही, पण त्या दिवशी वर्गात काय बुडालं ते मला माहितीय. आणि उद्या कुठल्या चुका येतील, त्यासाठी काय विचारायचं, कुठले आकडे घ्यायचे हे बसून ठरवायला लागतो तो तास तर मला रात्री अकरानंतर मिळतो. ५२ आणि ३८ हे आकडे मी असेच नाही घेतले, त्यात दोन्ही प्रकारच्या चुका दिसतात म्हणून घेतले, ४८ वजा २५ घेतलं असतं तर सगळ्यांचं बरोबर आलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं.

स्मार्टबोर्ड, टॅब यांना मी नको म्हणत नाही, आमच्याकडे आलं ते आम्ही वापरतो, पृथ्वी फिरताना दाखवायला छान आहे. पण इन्स्पेक्शनच्या दिवशी तो चालू दिसला पाहिजे म्हणून चालू करायचा, हे नको.

ट्रेनिंगबद्दल एक विनंती. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास ट्रेनिंग म्हटलंय. ५० तास खूप असतात. त्यातले निम्मे तरी हॉलमध्ये पीपीटीसमोर न घालवता आम्हाला एकमेकींच्या वर्गात जाऊ द्या. जपानमध्ये शिक्षक हे कित्येक वर्षं करतायत, चार-पाच जण मिळून एकच तास ठरवतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात, कुठलं मूल कुठे अडलं ते लिहितात आणि नंतर त्या तासावर बोलतात, शिक्षकावर नाही. आमच्या तालुक्यात तीन-चार किलोमीटरवर दुसरी शाळा असते, तिथली टीचर वजाबाकी कशी शिकवते हे मी २१ वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. लग्नात, चवथीला भेटतो आम्ही, तेव्हा बोलणं ट्रान्स्फरचं आणि रिपोर्टचंच होतं.

तुम्ही याल तेव्हा मला एवढंच हवंय की आधी ऑफिसात जाऊ नका, वर्गात या. रजिस्टर नंतर बघा, ते कुठे पळत नाहीत. मागच्या बाकावर पूर्ण तास बसा आणि तीन मुलं निवडा, एक हुशार, एक मधलं आणि एक जे कोपऱ्यात आहे, आणि तासभर माझ्याकडे नाही, त्या तिघांकडेच बघा, त्यांच्या पाटीवर काय होतं, ती काय बोलतात, कधी बोलायची थांबतात. तास संपल्यावर त्या तिघांना बोलवून विचारा, आज काय केलं, तुझ्या शब्दांत सांग, आणि विचारल्यावर थोडं थांबा. मग मला विचारा की त्या कोपऱ्यातल्या मुलाचं कुठे अडलंय आणि उद्या तू काय करणार. याचं उत्तर मला देता आलं नाही तर खुशाल लिहा शेरा, मी सही करेन.

येत्या सोमवारी ४०२ वजा १५७ घेणार आहे. मध्ये शून्य आहे, त्याच्याकडे सोडायला जुडीच नाही, आणि मुलं शुक्रवारी शाळेतल्या आहाराचा भाजी-पाव येईपर्यंत त्यावरच भांडत होती, एक गट म्हणतो शून्याकडून काही घेता येत नाही म्हणून गणितच चुकीचं आहे, दुसरा म्हणतो शतकाची मोठी जुडी सोडूया. हीर कमी पडणार म्हणून दोघं घरून आणणार आहेत. प्रार्थना आणि ते चार प्रश्न झाले की लगेच सुरू करतो. बाक थोडा ठेंगणा आहे, पण मागचा मोकळा ठेवते.

आपली,
सत्तरीतली एक प्राथमिक शिक्षिका